हत्तीचा पाय आणि फाशीचा दोर

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे गाव बखरींतून गाजलेले नाही. परंतु ज्या मुलखात ते वसले आहे तो मुलूख, एका अंगास अजिंठ्याची डोंगररांग आणि दुसऱ्या अंगास खानदेशाची शीव असलेला, इतक्या सत्तांच्या हातांतून गेला आहे की दंडनीतीचा इतिहास ज्याला एकाच ठिकाणी उभे राहून न्याहाळावयाचा असेल त्याने राजधान्या सोडून अशाच एखाद्या वऱ्हाडी गावाच्या चावडीवर बसावे. इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली, पुढे एकट्या निजामाची मोगलाई, मग कंपनी सरकार, राणी सरकार, नागपूर, मुंबई आणि अखेरीस महाराष्ट्र, अशी ही मालिका आहे. यांपैकी प्रत्येकाने वसुलाची रीत आपापल्या सोयीने बदलली, तसे खुनी माणसाचे काय करावयाचे याचे उत्तरही बदलले. मनुष्याचा प्राण घेणाऱ्याचा प्राण घ्यावा की नाही, घ्यावयाचा तर तो कोणी, कोणाच्या वतीने आणि कशासाठी, हे प्रश्न या गावकऱ्यांना कोणी विचारले नाहीत. त्यांच्यापर्यंत नेहमी उत्तरेच येऊन पोहोचली.

देहांत शासनाच्या समर्थनार्थ जी दोन कारणे आजही न्यायासनावरून आणि चहाच्या टपरीवरून सारख्याच निश्चयाने सांगितली जातात, एक म्हणजे इतरांस वचक बसावा आणि दुसरे म्हणजे केल्या कर्माचे फळ कर्त्यास मिळावे, ती आपण सवयीने एका श्वासात उच्चारतो. इतिहासात मात्र ती दोन वेगळ्या घरची होती, असे माझे मत आहे. वचकाची गरज सरकारला होती. फेड मागणारे मृताचे घर होते.

गावात चोरी झाली म्हणजे पहिली जबाबदारी पाटलाची. जागल्याने आणि महाराने चोराचा माग काढावयाचा, तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की त्या गावच्या पाटलाच्या हवाली करावयाचा, आणि ज्या शिवेत तो हरवेल त्या गावाने मालाची भरपाई करून द्यावयाची, अशी दख्खनभर वहिवाट होती. तीत चोराला धरण्याची काळजी अख्ख्या गावाच्या खिशाला बांधलेली होती, आणि वचक म्हणून ज्याला म्हणतात तो बहुधा याच मार्गाने उत्पन्न होत असे. खुनाचे प्रकरण मात्र चावडीच्या आवाक्याबाहेरचे. पाटलाला खोड्यात घालण्याचा, चार फटके मारण्याचा, किरकोळ दंडाचा अधिकार; जिवाचा निर्णय वर सुभ्याच्या पायरीवर. आणि दोअमलीत, जेथे एकाच मुलखावर निजामाचा आमील आणि भोसल्यांचा कमाविसदार असे दोघे वसुलाला बसलेले, तेथे ती पायरी नेमकी कोणाच्या दारची, हा स्वतंत्रच वाद होता.

मोगलाईत कायद्याचा पाया इस्लामी धर्मशास्त्राचा. त्या शास्त्रात बुद्धिपुरस्सर केलेल्या खुनाबद्दल ‘किसास’, म्हणजे जिवाला जीव, हा हक्क मृताच्या वारसांचा मानलेला आहे. वारसांनी तो हक्क बजावावा, त्याऐवजी ‘दियत’ म्हणजे रक्ताचे मोल घ्यावे, किंवा ईश्वरासाठी क्षमा करावी. काझीने पुरावा पाहून मार्ग मोकळा करावा, पण निवड वारसांची. याच्या जोडीला राज्यकर्त्याच्या हाती आणखी एक वेगळी शक्ती होती, तिला ‘सियासत’ म्हणत. दरोडेखोर, बंडखोर, वारंवार खून पाडणारा यांना लोकांच्या सलामतीसाठी आणि इतरांच्या धड्यासाठी राजाने आपल्या अखत्यारात द्यावयाचे शासन ते सियासत. फेड एका खात्यात आणि दहशत दुसऱ्या खात्यात, अशी ही नोंद इतकी स्वच्छ आहे की आधुनिक विधिज्ञांनी नंतर केलेली सरमिसळ पाहून जुन्या काझीला हसूच आले असते.

मराठी राज्यातही नावे निराळी असली तरी भेद हाच दिसतो. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल गव्हर्नर-जनरलकडे पाठविला, त्यात मराठ्यांच्या फौजदारी न्यायाचे वर्णन आहे. तो परका होता, जेता होता, म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानण्याचे कारण नाही. पण तो डोळस होता आणि जुन्या अंमलदारांना विचारून लिहीत होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, विशेष क्रौर्य नसेल तर खुनाबद्दल देहांत शासन क्वचितच होई, बहुधा दंडावर भागे. वाटमारीला मात्र मृत्यू ठरलेला, आणि तो का, तर वाटमारी करणारे बहुधा हलक्या मानलेल्या जातींचे असत. अपराधाच्या स्वरूपापेक्षा अपराध्याच्या जातीकडे अधिक पाहिले जाई. अपवाद एकच, राजद्रोहाचा. तेथे जन्म आणि कुळ कोणाला वाचवीत नसे.

या शेवटच्या विधानाला पुरावा पुण्यातच आहे. ब्राह्मणाला वध नाही, त्याचे मुंडन हाच त्याचा वध, हा मनुस्मृतीचा दंडक पेशव्यांच्या दरबाराला पाठ होता, आणि घोर अपराधी ब्राह्मणालाही मृत्यूऐवजी गडावरच्या अंधारकोठडीत धाडण्याचा प्रघात होता. पण पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचे सोंग घेऊन जो तोतया उभा राहिला, तो कनोजी ब्राह्मण आहे असे चौकशीत निघाल्यावरही १७७६ साली त्याला पुण्यात देहांत शासन झालेच. कारण त्याने एखाद्या माणसाचा नव्हे, गादीचा अपराध केला होता. याच्या उलट बाजूस रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घ्यावे लागते. नारायणराव पेशव्याचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला आणि त्या वधाचा ठपका ज्याच्यावर आला त्या त्याच्या काकाला, रघुनाथरावाला, त्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले. शास्त्रीबुवांनी वचकाची भाषा केली नाही, सुडाचीही नाही. धर्मशास्त्राच्या मते राजाकडून दंड भोगलेला मनुष्य त्या पापातून शुद्ध होतो, त्या अर्थाने हे अपराध्याचेच ऋण होते आणि ते त्यानेच फेडावयाचे होते. रघुनाथरावाने ते फेडले नाही. तो आणखी दहा वर्षे जगला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १७८३ साली कोपरगावी आपल्या मरणाने मेला. ज्या निवाड्याची कीर्ती मराठी मुले शाळेत शिकतात तो अंमलात कधीच आला नाही, ही गोष्ट आपण त्या कीर्तीच्या भरात सांगावयास विसरतो.

या सर्वांच्या आधी, १६४६ च्या जानेवारीत, शिवाजीमहाराजांनी रांझ्याच्या पाटलाला बदअमलाबद्दल हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि त्याची पाटिलकी अमानत केली. त्या पत्रात त्याला सांभाळण्यास तयार झालेल्या भाऊबंदाला ती पाटिलकी दिल्याचाही उल्लेख आहे. शासन निर्घृण होते, यात शंका नाही. पण ते वतनदाराला झाले होते, आणि एल्फिन्स्टनने वर्णिलेल्या काळात नेमके हेच दुर्मिळ झाले होते.

वचकाच्या युक्तिवादाची खरी परीक्षा पाहावयाची तर ती पाहण्यास विठोजी होळकराच्या मृत्यूइतके दुसरे बोलके प्रकरण माझ्या माहितीत नाही, आणि त्याचा शेवट आपल्या वऱ्हाडाच्याच दारात येऊन पडतो म्हणून त्यावर थोडे रेंगाळणे अवश्य आहे. तुकोजी होळकराचा हा मुलगा दुसऱ्या बाजीरावाविरुद्ध बंड करून पंढरपूरच्या बाजूस लुटालूट करीत असता बापू गोखल्यांच्या हाती सापडला. १८०१ च्या एप्रिलात त्याला पुण्यास आणून शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले, आणि खुद्द पेशवा वरून ते पाहत होता. हत्तीच्या पायी देणे, कडेलोट, तोफेच्या तोंडी देणे या शासनांचा सारा अर्थच मुळी प्रेक्षकांत होता. मरणाऱ्याला मृत्यू एकच, पण पाहणाऱ्याच्या मनावर तो निरनिराळ्या आकारांनी उमटावा यासाठी ही योजना. सरकारच्या विरुद्ध हात उचलणाऱ्याला धडा मिळावा, होळकरांच्या फौजेला जरब बसावी, हा बाजीरावाचा हेतू. त्यात आपल्या बापाच्या, म्हणजे रघुनाथरावाच्या, होळकरांशी असलेल्या जुन्या वैराचे उट्टे काढण्याची इच्छाही मिसळली होती, असे तेव्हापासून बोलले गेले आहे. पेशव्याला आपल्या मनातील ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी करता आली असतील, असे मला वाटत नाही.

जरब बसली नाही. विठोजीचा भाऊ यशवंतराव त्या बातमीने पेटला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव पुण्यातून पळाला तो वसईस जाऊन पोहोचला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. त्या तहातून शिंदे-भोसल्यांशी युद्ध निघाले: सप्टेंबर १८०३ मध्ये अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईची लढाई, नोव्हेंबरात वऱ्हाडात अडगावची, डिसेंबरात गाविलगडाचा पाडाव आणि लगोलग देवगावचा तह. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला, दोअमली मिटली आणि मोताळा, मलकापूरची गावे निखळ निजामाच्या मोगलाईत गेली. पुढे फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायी १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. हे सर्व एका हत्तीच्या पायामुळे घडले असे म्हणणे म्हणजे इतिहासाला कीर्तनकाराच्या हवाली करणे होय. मराठी दौलत आतून पोखरलेली होतीच. परंतु ज्या शासनाने बंडे थांबावयाची त्याच शासनाने राज्यातील सर्वांत मोठे बंड चेतविले, एवढे तरी निर्विवाद आहे.

धामणगावाच्या पश्चिमेस जो खानदेश लागतो तेथली हकिकत याहूनही उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुष्काळाने आणि फौजांच्या येण्याजाण्याने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात भिल्लांचे दरोडे वाढले, तेव्हा पेशव्यांचा अंमलदार बाळाजी लक्ष्मण याने त्यांना कोपरगावी बोलणीसाठी जमवून विश्वासघाताने पकडले आणि विहिरींत लोटून ठार मारले. सातमाळ्यापासून सातपुड्यापर्यंत याहून भयंकर धडा दुसरा कोणता देता आला असता? तरी १८१८ साली इंग्रज खानदेशात आले तेव्हा डोंगर भिल्लांच्या टोळ्यांनी भरलेलेच होते, आणि प्रथम इंग्रजांनीही फौजा पाठवून, नाईकांना मारून तोच प्रयोग चालविला. तो साधला नाही तेव्हा १८२५ पासून दुसरी वाट धरली: भिल्लांना तगाई आणि जमीन द्यावयाची, जुने हक्क मान्य करावयाचे, आणि जेम्स औट्रमने धरणगावी उभारलेल्या भिल्ल पलटणीत त्यांच्याच पोरांना चाकरी द्यावयाची. काही वर्षांत रस्ते चालते झाले. यात कंपनीचे औदार्य शोधू नये. तिला वसूल हवा होता, आणि प्रेतांकडून वसूल येत नाही हा हिशेब तिला कोपरगावच्या अंमलदारापेक्षा लवकर कळला.

कंपनीने या देशातील खुनाच्या कायद्यात मूलगामी फेरबदल केला तो मात्र निराळ्याच ठिकाणी, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत, १७९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, बंगालमध्ये खुनाच्या खटल्यातून वारसांची क्षमा काढून टाकण्यात आली. वारस मागोत वा न मागोत, माफ करोत वा न करोत, खून हा यापुढे सरकारचा अपराध. धनाढ्याने पैसे चारून गरीब विधवेकडून क्षमा लिहून घ्यावी हा प्रकार त्यामुळे बंद झाला, हे खरेच. पण त्याच क्षणी फेड आणि वचक ही दोन्ही खाती एकाच कारकुनाच्या हाती आली. १८६० च्या दंडसंहितेने, जी १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चालू झाली आणि पुढे वऱ्हाडातही लागू झाली, खुनाला मृत्यू किंवा जन्मठेप काळे पाणी ही शिक्षा सांगितली. जात पुसली गेली. निदान कागदावर गेली, आणि मनूपासून एल्फिन्स्टनपर्यंतचा पल्ला ध्यानात घेतला म्हणजे कागदावर जाणे हीही लहान गोष्ट नव्हती.

१८९८ च्या फौजदारी कार्यसंहितेत असा नियम होता की, देहांत शासनास पात्र अपराधात न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर ती का दिली नाही याची कारणे लिहावी. फाशी हा राजमार्ग, दया ही आडवाट. १९५५ च्या दुरुस्तीने हा नियम गेला, आणि १९७३ च्या नव्या संहितेने तो उलटाच केला: आता फाशी द्यावयाची तर विशेष कारणे लिहावयाची. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड ज्याचे अध्यक्ष होते त्या घटनापीठाने फाशी घटनेच्या कक्षेत ठरविली, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरती; न्यायमूर्ती भगवतींनी एकट्याने विरोध नोंदविला. त्याआधी १९६७ साली विधी आयोगाने आपल्या पस्तिसाव्या अहवालात, देशाचा विस्तार, शिक्षणाची व नीतीची विषम पातळी आणि सुव्यवस्थेची गरज पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग करून पाहण्याची जोखीम आज घेता येत नाही, असे मत दिले होते. तो प्रयोग एका संस्थानात होऊनही गेला होता. त्रावणकोरने १९४४ साली फाशी बंद केली. ती बंद असताना १९४५ ते १९५० या काळात तेथे ९६२ खून नोंदले गेले आणि ती पुन्हा सुरू झाल्यावर १९५० ते १९५५ मध्ये ९६७. एवढ्या आकड्यांवरून सिद्धांत बांधू नये, परंतु वचकाच्या बाजूने बोलणाऱ्याला ते आकडे ओलांडून जाता येत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे, आणि नागपुरात १९८४ नंतरची फाशी एकदम २०१५ साली झाली. एकतीस वर्षांतून एकदा, उंच भिंतीच्या आत, पहाटे उरकला जाणारा विधी मोताळ्याच्या बाजारात कोणाचा हात आवरून धरतो, हे त्या बाजारातल्यांनाच विचारावे. इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४ सालीच सांगून ठेवले होते की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणाम करते. आपल्या जागल्यांची मागाची वहिवाट हेच सांगत होती, पण तिला ग्रंथकार मिळाला नाही.

म्हणून फाशीच्या समर्थकाने फेडीच्या युक्तिवादावर उभे राहावे. तो अधिक जुना आहे आणि अधिक प्रामाणिकही. कांटने म्हटले होते की एखाद्या बेटावरचा समाज विसर्जित होऊन लोक जगभर पांगणार असले, तरी निघण्यापूर्वी त्यांनी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला फाशी द्यावी. या बेटावर कोणाला वचक बसवावयाचा उरलेलाच नाही. उरले आहे ते फक्त देणे. या युक्तिवादाचे बळ मला कांटच्या बेटापेक्षा आमच्याच विदर्भात अधिक जाणवले. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, आणि हजारो लोक रस्त्यावर येऊन फाशीच मागत होते. त्या मागणीला सूड म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण ज्या मुलखात शतकानुशतके मारणाऱ्याची आणि मरणाऱ्याची जात पाहून रक्ताचे मोल ठरले, तेथे ‘आमचे रक्तही त्याच तराजूत घाला’ असे कोणी म्हणत असेल तर तो समतेचाच दावा आहे, आणि तो ऐकून घेतल्यावाचून फाशीविरुद्ध बोलण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

आणि तरी याच दाव्याचे प्रवक्ते असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशीच्या कैद्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की काय यावर वाद चालू असता, त्यापेक्षा फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, असा अभिप्राय दिला. लोक अहिंसा पाळोत वा न पाळोत, तिला नैतिक आज्ञा म्हणून मानतात तरी, हा त्यांचा आधार होता. समितीने ते केले नाही. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे या दोघां मराठी माणसांना अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी ती फाशी रद्द व्हावी अशी विनंती केली होती. गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी ती मान्य केली नाही. फेड मृताच्या घराची, असे मानणाऱ्या कोणत्याही शास्त्रात या दोन पुत्रांचा शब्द शेवटचा ठरला असता. मोताळ्याच्या बाजूस मोगलाई होती तेव्हाच्या काझीनेही तो ऐकून घेतला असता. कॉर्नवॉलिसनंतरच्या कायद्यात त्यांना अर्जदारापलीकडे काही जागा नव्हती, आणि जेथे सरकारच धनको, तेथे सोडावयाचे की वसूल करावयाचे हेही सरकारनेच ठरविले.